लंगडत प्लेऑफला आलेला गतविजेता: भरवसा ठेवायचा की सोडायचा?

एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, ८२ सामन्यांचा साखळी हंगाम एप्रिलच्या मध्यावर संपतो आणि प्लेऑफची, म्हणजे चार विजय आधी मिळवणाऱ्याला पुढे नेणाऱ्या बाद फेऱ्यांची, चौकट जाहीर होते. गतविजेता संघ तिथे अडखळत पोचला असेल, म्हणजे शेवटच्या महिन्यात जिंकण्यापेक्षा हरलाच जास्त असेल आणि मुख्य खेळाडू जर्सीऐवजी कोट घालून बाकावर बसला असेल, तर चाहत्यांत सरळ दोन तट पडतात. एक म्हणतो, "चॅम्पियन आहेत ते, वेळ आली की दाखवतील." दुसरा म्हणतो, "यांचं आता काही खरं नाही." मित्रांच्या ग्रुपवर अंदाजांचा तक्ता भरायचा असतो. अमेरिकेतली संध्याकाळ म्हणजे आपली पहाट, तेव्हा कोणासाठी झोप मोडायची हेही ठरवायचं असतं. दोन्ही तटांकडे दाखले तयार असतात. पहिल्याकडे अशा अवस्थेतून पुन्हा जिंकलेलं १९९५चं ह्यूस्टन, दुसऱ्याकडे पहिल्याच फेरीत गारद झालेलं २००७चं मायामी.

दाखले दोन्ही खरे आहेत. पण "दुखापती आणि उतरलेला फॉर्म" हे आपण एका दमात म्हणून टाकतो, जणू एकाच चिंतेची ती दोन नावं. माझ्या मते या दोन चिंता अगदी वेगळ्या आहेत, आणि प्लेऑफ सुरू झालं की त्यातली एक हलकी होते आणि दुसरी जड. तक्ता भरताना आधी त्यांची फारकत करावी.

आणखी एक गोष्ट आधीच नोंदवून ठेवतो. २०१८मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सनं विजेतेपद राखलं, त्यानंतर २०२५पर्यंत कोणालाही ते जमलेलं नाही. टोरांटो, लेकर्स, मिलवॉकी, गोल्डन स्टेट, डेन्व्हर, बॉस्टन, ओक्लाहोमा सिटी: सात वर्षांत सात वेगळे विजेते. तेव्हा डोळे झाकून गतविजेत्यावर बोट ठेवण्याचे दिवस राहिलेले नाहीत. शंका घेणाऱ्याला सुरुवातीलाच थोडं झुकतं माप द्यावं लागतं.

एकच संघ, दोन एप्रिल: गोल्डन स्टेट २०१८ आणि २०१९

तुलनेला याहून सोयीची जोडी सापडणार नाही. कोच तेच, स्टीव्ह कर. स्टेफ करी, केव्हिन ड्युरांट, क्ले थॉम्पसन, ड्रेमंड ग्रीन तेच. साखळीतली कामगिरीही जवळपास तीच: २०१८ला ५८ विजय, २०१९ला ५७.

फरक होता तो एप्रिलमधल्या चित्रात. २०१८च्या मार्च-एप्रिलमध्ये वॉरियर्सचा खेळ इतका विस्कटला होता की साखळीच्या शेवटच्या सामन्यात यूटानं त्यांना ११९-७९, तब्बल ४० गुणांनी लोळवलं. करीच्या डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध मार्चच्या अखेरीस दुखावला होता आणि पहिली फेरी तो खेळणार नव्हता. मानांकनही दुसरं, पहिलं ह्यूस्टनकडे. त्या आठवड्यात वॉरियर्सवर विश्वास ठेवा असं सांगणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं.

२०१९ला सगळं आलबेल दिसत होतं. पश्चिम विभागात पहिलं मानांकन, चारही मोठे खेळाडू हातीपायी धड.

२०१८ला त्यांनी सॅन अँटोनिओला ४-१, न्यू ऑर्लिन्सला ४-१ हरवलं, ह्यूस्टनला सातव्या सामन्यात गाठलं आणि अंतिम फेरीत क्लीव्हलंडला ४-० धुतलं. करी दुसऱ्या फेरीत न्यू ऑर्लिन्सविरुद्ध दुसऱ्या सामन्यात परतला, बाकावरून उतरला आणि २८ गुण करून गेला. त्याच्या गुडघ्याला पुरता वेळ मिळाला होता, कारण तो बाहेर असताना ड्युरांट, थॉम्पसन आणि ग्रीन यांनी पहिली फेरी ओढून नेली. २०१९ला मात्र मे महिन्यात, ह्यूस्टनविरुद्धच्या पाचव्या सामन्यात, ड्युरांटची पोटरी धरली. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, त्याकडे नंतर येतोच. टोरांटोनं ४-२ने विजेतेपद नेलं.

म्हणजे एप्रिलमधला फॉर्म पाहून निर्णय घेतला असता तर दोन्ही वर्षी उलटा लागला असता.

२०१८च्या विजयात नशिबाचा वाटा होता हेही लपवू नये. ह्यूस्टन ३-२ने पुढे असताना त्यांच्या ख्रिस पॉलची मांडी धरली आणि तो शेवटचे दोन सामने खेळू शकला नाही. सातव्या सामन्यात ह्यूस्टनचे तीन गुणांचे सलग २७ फटके चुकले. सलग सत्तावीस! त्यांनी त्यातले चार-पाच जरी टाकले असते तर मी हा परिच्छेद वेगळा लिहिला असता. दुखापतींचा हिशोब मांडताना समोरच्याचाही मांडावा लागतो, आणि तो आपण एप्रिलमध्ये मांडत नाही, कारण समोरचा कोण असेल आणि तोवर त्याचं काय झालेलं असेल हे कळायला मे उजाडतो.

प्लेऑफमध्ये नेमकं काय बदलतं

साखळीत आठवड्याला तीन-चार सामने असतात. आज मिलवॉकी, उद्या रात्री शिकागो, मध्ये विमान. कोच नऊ-दहा खेळाडू फिरवतो, मुख्य खेळाडूला चौतीस-पस्तीस मिनिटांवर रोखतो, कधी पूर्ण विश्रांती देतो. प्रतिस्पर्ध्याचा खास अभ्यास करायला वेळ नसतो आणि गरजही नसते, कारण दोन दिवसांनी तो समोर नसतोच. गेल्या जूनमध्ये करंडक उंचावलेल्या संघाला फेब्रुवारीतल्या मंगळवारी शार्लटविरुद्ध जीव तोडून बचाव करावासा वाटत नाही, यात नवल काय? मार्चमधल्या बऱ्याच पराभवांत हा कंटाळा असतो, दुसऱ्या फळीची कमजोरी असते, प्रवासाचा शीण असतो.

प्लेऑफमध्ये लागोपाठच्या दोन रात्री सामने नसतात. समोर एकच संघ, चार विजय मिळेपर्यंत. कोच सात-आठ जणांतच खेळ आवरतो आणि मुख्य खेळाडू चाळीस मिनिटांच्या वर जातो. सगळा भार थोड्या खांद्यांवर येतो. त्यामुळे ज्या संघाची घसरण दुसऱ्या फळीमुळे किंवा आळसामुळे होती, त्याचं दुखणं आपोआप झाकलं जातं. पण ज्याचा मुख्य खेळाडूच दुखावलेला आहे त्याला हीच रचना नडते. त्याच्याकडून जास्त मिनिटं हवी असतात, आणि समोरचा संघ रोज रात्री त्याच एका खेळाडूचे व्हिडिओ बघत बसलेला असतो. तो कोणाला रोखतोय ते पाहतात, त्याच्याकडे चेंडू नेतात, त्याला आडवं पळायला लावतात. साखळीत झाकून नेलेलं लंगडणं तिसऱ्या सामन्यापर्यंत उघडं पडतं.

वर्षभर मागच्या बाकावर पेंगणारा हुशार मुलगा परीक्षेला पास होऊ शकतो. परीक्षेच्या दिवशी तापानं फणफणलेल्याचं तसं नसतं.

ह्यूस्टन १९९५ आणि मायामी २००७

आता ते दोन आवडते दाखले शेजारी ठेवू. कागदावर ते भावंडं वाटतात. दोघंही गतविजेते. ह्यूस्टनचे साखळीत ४७ विजय, मायामीचे ४४. दोघांनाही दुखापतींनी आणि गोंधळानं ग्रासलेलं.

ह्यूस्टनची कहाणी अशी. फेब्रुवारी १९९५मध्ये त्यांनी ओटिस थॉर्प हा भरवशाचा खेळाडू पोर्टलंडला देऊन क्लाइड ड्रेक्सलरला आणलं. ड्रेक्सलर आणि हकीम ओलाजुवान कॉलेजात एकत्र खेळलेले, त्याच ह्यूस्टन शहरात. पण अदलाबदलीनंतर संघ वर जायचा तो जागच्या जागीच घुटमळला. मार्चअखेर ओलाजुवानला रक्तक्षयामुळे काही सामने बाहेर बसावं लागलं. पश्चिम विभागात सहावं मानांकन, म्हणजे एकाही फेरीत घरच्या मैदानाचा फायदा नाही. पहिल्या फेरीतच व्हर्नन मॅक्सवेल संघ सोडून निघून गेला.

आणि तरी हा संघ जिंकला. साठ विजयांच्या यूटाविरुद्ध पाच सामन्यांच्या मालिकेत १-२ असा मागे, तिथून ३-२. फिनिक्सविरुद्ध १-३ असा मागे, तिथून ४-३, आणि तो सातवा सामना फिनिक्समध्ये, बरोबरी असताना मारिओ एलीनं कोपऱ्यातून मारलेल्या तीन गुणांच्या फटक्यावर. मग ६२ विजयांचं सॅन अँटोनिओ ४-२. तिथे त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या डेव्हिड रॉबिन्ससमोर ओलाजुवाननं सामन्यामागे पस्तीसच्या वर गुण केले. अंतिम फेरीत शाकील ओनीलचं ऑर्लँडो ४-०. इतक्या खालच्या मानांकनावरून विजेतेपद आजवर दुसऱ्या कोणी जिंकलेलं नाही. चॅम्पियनच्या काळजाला कधी कमी लेखू नका, असं कोच रुडी टॉमजानोविच त्या रात्री म्हणाले, आणि तेव्हापासून प्रत्येक लंगडणाऱ्या गतविजेत्याच्या चाहत्यांनी ते वाक्य ढाल म्हणून पुढे केलं आहे.

मायामीचं वर्ष पहिल्या रात्रीच फसलं. विजेतेपदाच्या अंगठ्या वाटल्या त्याच रात्री शिकागोनं त्यांना घरच्या मैदानावर १०८-६६ असं चिरडलं. शाकच्या (तोच शाकील ओनील, आता मायामीकडे) गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, तो साखळीत ४०च सामने खेळला. कोच पॅट रायली स्वतःच्या शस्त्रक्रियांसाठी मध्येच रजेवर गेले. फेब्रुवारीत ड्वेन वेडचा डावा खांदा निखळला. तो एप्रिलमध्ये परतला, पण दुखणं अंगावर काढत. पहिल्याच फेरीत त्याच शिकागोनं ४-० असा खेळ आटोपला. हंगाम संपल्यावर वेडच्या खांद्यावर आणि गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली.

आता फरक बघा. ह्यूस्टनचं दुखणं होतं रक्तक्षय, नव्या खेळाडूशी न जुळलेला मेळ, आणि चिडून निघून गेलेला एक सहकारी. पहिलं औषधानं बरं होतं, दुसरं सरावानं. तिसऱ्याचा उलट फायदाच झाला म्हणावं, जागा मोकळी झाली. सांधा, स्नायू, हाड कुठेच मोडलेलं नव्हतं. एप्रिलअखेर ओलाजुवान पूर्ण ओलाजुवान होता. मायामीत मात्र जे दोन खेळाडू संघाचा पाया होते त्या दोघांचे सांधेच कामातून गेले होते. एकाच्या जागी दुसऱ्यानं भार उचलावा तर दुसराही अधू.

म्हणून "ह्यूस्टननं नाही का करून दाखवलं" असं कोणी म्हणालं की मी एकच विचारतो: तुमच्या संघातला ओलाजुवान आज धावतोय का?

लेकर्सच्या तीन गोष्टी

लॉस एंजेलिस लेकर्सचा इतिहास या बाबतीत इतका समृद्ध आहे की त्यांच्यावरच लेख काढता येईल. २००१चा मी एका वाक्यात उरकतो: शाक आणि कोबी ब्रायंटचं भांडण, कोबीचा घोटा, डेरेक फिशर पायाच्या हाडामुळे बहुतेक हंगाम बाहेर, आणि मग साखळीचे शेवटचे आठ सामने सलग जिंकून प्लेऑफमध्ये १५ विजय, एक पराभव. घसरण आणि दुखापत दोन्ही एप्रिलच्या आधीच सरली होती, म्हणून ते उदाहरण आपल्या प्रश्नाला फारसं लागू पडत नाही.

२०१० लागू पडतं. कोबीच्या उजव्या हाताच्या, म्हणजे चेंडू टाकण्याच्या हाताच्या, तर्जनीचं हाड डिसेंबरात मोडलेलं. गुडघा सुजलेला, त्यातलं पाणी काढावं लागलं. अँड्र्यू बायनम साखळीच्या शेवटी पायाच्या दुखण्यानं बाहेर, आणि पहिल्या फेरीच्या सहाव्या सामन्यात गुडघ्याची गादी फाटलेली. साखळीचा शेवट रडतखडत. पहिल्या फेरीत ड्युरांट आणि वेस्टब्रुकच्या कोवळ्या ओक्लाहोमा सिटीनं त्यांना २-२ असं अडवून धरलं. त्या आठवड्यात लेकर्स म्हातारे झाल्याचं बोलायला कोणी कमी केलं नाही.

पाचव्या सामन्यात कोबीनं वेस्टब्रुकला रोखायचं काम स्वतःकडे मागून घेतलं, आणि तिथून मालिका वळली. बॉस्टनविरुद्धचा अंतिम फेरीचा सातवा सामना आठवतो का? ८३-७९. कोबीचे २४पैकी फक्त सहा फटके लागले, पण त्यानं १५ रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या फटक्यांचे चेंडू, घेतले. पाऊ गसोलनं १८. रॉन आर्टेस्टनं वीस गुण केले. सहाव्या सामन्यात बॉस्टनचा केंड्रिक पर्किन्स गुडघा धरून बाहेर गेला होता आणि रिंगखालची त्याची जागा सातव्यात रिकामी होती. पुन्हा समोरच्याची दुखापत!

२०१०मध्ये दुखणी कमी नव्हती, मग जिंकले कसे? बोट मोडलं की नेम बिघडतो, पण धावणं, उडी, बचाव, रिबाउंड बिघडत नाहीत. कोबीला नेमाशिवाय सामना जिंकायचे दुसरे मार्ग उपलब्ध होते. बायनम अधू होता, पण तो संघाचा तिसरा माणूस. त्याच्यामागे लमार ओडम होता. पहिल्या दोघांपैकी गसोल ठणठणीत.

२०११ मात्र माझ्या मांडणीला टोचतं, आणि ते न लपवलेलं बरं. पुन्हा ५७ विजय. मोठी दुखापत नाही. एप्रिलमध्ये सलग पाच पराभव झाले, पण माझ्याच नियमाप्रमाणे ते कंटाळ्याचे म्हणून सोडून द्यायचे. न्यू ऑर्लिन्सला ४-२ हरवलं. आणि मग डॅलसनं ४-० असा धुव्वा उडवला. पहिल्या सामन्यात घरच्या मैदानावरची मोठी आघाडी घालवली, शेवटच्यात १२२-८६. त्या सामन्यात डॅलसनं तीन गुणांचे वीस फटके टाकले, जेसन टेरीनं एकट्यानं नऊ. फिल जॅक्सन यांचा कोच म्हणून तो अखेरचा सामना.

याचं कारण मला दुखापतीत दिसत नाही आणि फॉर्ममध्येही नाही. २००८, २००९, २०१० अशा सलग तीन वर्षी हा संघ जूनपर्यंत खेळला होता. चौथ्या वर्षी पाय जड झाले होते, आणि समोर डर्क नोवित्स्कीभोवती नीट बांधलेला, एकही विजेतेपद नसलेला, भुकेला संघ. त्यामुळे माझ्या यादीत तिसरा प्रश्न घालावा लागतो: गेल्या तीन-चार वर्षांत हा संघ किती महिने जास्तीचे खेळला आहे? वॉरियर्सच्या २०१९लाही तो विचारावा. त्यांची ती सलग पाचवी अंतिम फेरी होती, आणि त्याच मालिकेत त्यांचे स्नायू आणि अस्थिबंध एकामागून एक तुटले. योगायोग म्हणा, मला पटत नाही.

२०२१चे लेकर्स या तिसऱ्या प्रश्नाचं सर्वांत उघड उत्तर. कोविडमुळे आधीचा हंगाम ऑक्टोबर २०२०पर्यंत लांबला, लेकर्स ११ ऑक्टोबरला जिंकले आणि २२ डिसेंबरला नवा हंगाम सुरू. मधली विश्रांती अडीच महिन्यांचीही नाही. फेब्रुवारीत अँथनी डेव्हिसची पोटरी आणि टाच, मार्चमध्ये लेब्रॉन जेम्सचा घोटा. ७२ सामन्यांच्या त्या हंगामात डेव्हिस ३६ खेळला, लेब्रॉन ४५. सातव्या मानांकनावर घसरण. लेब्रॉननं करीसमोर लांबून मारलेल्या फटक्यावर प्ले-इन, म्हणजे प्लेऑफच्या प्रवेशाचा सामना, जिंकून ते आत आले, फिनिक्सविरुद्ध २-१ने पुढेही गेले. चाहते म्हणाले, बघा, चॅम्पियन जागे झाले. चौथ्या सामन्यात डेव्हिसची जांघ धरली. ४-२ने घरी. लेब्रॉन पहिल्या फेरीत हरला असं त्याआधी एकदाही झालं नव्हतं.

फेब्रुवारीतलं दुखणं पोटरी-टाचेचं आणि मेमधलं जांघेचं, पण खेळाडू तोच. एक स्नायू सांभाळत खेळणारं शरीर दुसऱ्यावर भार टाकतं. "परतला" आणि "बरा झाला" यांत किती अंतर असतं, ते डेव्हिस सहाव्या सामन्यात काही मिनिटं उतरून पुन्हा बाहेर गेला तेव्हा दिसलं.

खेळवायचं की बसवायचं?

इथवर प्रेक्षकाच्या निर्णयाचं झालं. पण संघाचा निर्णय पाहिल्याशिवाय प्रेक्षकाचा पुरा होत नाही, कारण दुखावलेला खेळाडू उतरला म्हणून आपण अंदाज बदलतो.

एका बाजूला सॅन अँटोनिओ, २०००. गतविजेते, ५३ विजय. एप्रिलमध्ये साखळी संपत आली असताना टिम डंकनच्या डाव्या गुडघ्याची गादी फाटली. संघानं त्याला प्लेऑफभर बसवलं. फिनिक्सनं पाच सामन्यांच्या पहिल्या फेरीत ३-१ने गारद केलं. विजेतेपद गेलं. डंकन चोवीस वर्षांचा होण्याच्या बेतात होता. पुढे त्यानं २००३, २००५, २००७ आणि २०१४ला विजेतेपदं जिंकली, २०१६पर्यंत खेळला, सगळी कारकीर्द त्याच एका संघाकडून.

दुसऱ्या बाजूला गोल्डन स्टेट, २०१९. अंतिम फेरीत टोरांटो ३-१ने पुढे. महिनाभर बाहेर असलेला ड्युरांट १० जूनला पाचव्या सामन्यात उतरला. बारा मिनिटांत ११ गुण, तीन गुणांचे तिन्ही फटके आत. मग सामन्याच्या चारपैकी दुसऱ्या सत्रात त्याच्या पायाचा अकिलीस, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारा स्नायुबंध, तुटला. संघ तो सामना एका गुणानं जिंकला. तीन दिवसांनी सहाव्या सामन्यात अठ्ठावीस गुणांवर असलेल्या क्ले थॉम्पसनच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. तो ड्रेसिंग रूमकडच्या बोगद्यातून परत येऊन दोन फ्री थ्रो टाकून गेला आणि त्यानंतर अडीच वर्षं मैदानावर दिसला नाही. ड्युरांट पुढचा अख्खा हंगाम बसला, आणि तोही दुसऱ्याच संघाच्या नावावर. गतवर्षीचे अंतिम फेरीवाले वॉरियर्स पुढच्या हंगामात १५ विजयांवर आटोपले.

या दोन निर्णयांची तुलना करताना लोक डंकनच्या बाजूनं लगेच निकाल देऊन टाकतात. मी थोडा थांबतो. एप्रिलमधली पहिली फेरी आणि जूनमधली अंतिम फेरी एकच नव्हे, आणि ड्युरांटच्या पोटरीला महिन्याची विश्रांती मिळालेलीच होती. तरीही पोटरी हे नाव ऐकलं की माझे कान टवकारतात. २०२५च्या अंतिम फेरीत इंडियानाचा टायरीस हॅलिबर्टन पोटरी धरलेली असताना सातवा सामना खेळला आणि पहिल्याच सत्रात त्याचाही अकिलीस तुटला. तो संघ गतविजेता नव्हता, पण धडा तोच. बोट मोडून खेळता येतं. अस्थिबंध थोडा ताणला गेला असेल तर पाच-सहा आठवड्यांत तो भरून येतो, करीनं दाखवलं. पोटरी मात्र धरली की त्या खेळाडूच्या चाळीस मिनिटांवर मी पैज लावत नाही.

बॉस्टन २०२५ला याच्या उलट घडलं, म्हणून त्याची नोंद करतो. ६१ विजय, साखळीत घसरण वगैरे काही नाही. दुखणी मात्र बरीच: क्रिस्टाप्स पोर्झिंगिस विषाणूच्या आजारानंतर दम टिकत नसलेला, जेलन ब्राउनचा गुडघा, जेसन टेटमचं मनगट. न्यूयॉर्कविरुद्ध पहिल्या दोन्ही सामन्यांत वीस-वीस गुणांच्या आघाड्या घालवल्या, पहिल्यात तीन गुणांचे ४५ फटके चुकवले. चौथ्या सामन्यात ४२ गुण केलेल्या टेटमचा अकिलीस तुटला, आणि मालिका ४-२ने गेली. टेटमच्या दुखापतीवर सगळं खापर फुटतं. पण ती झाली तेव्हा बॉस्टन मागेच होतं. मार्चमधला उतरलेला फॉर्म मी सोडून देतो. मे महिन्यात, पुरती विश्रांती मिळालेली असताना, तोच प्रतिस्पर्धी समोर असताना जो फॉर्म उतरतो तो खरा, आणि त्याकडे दुर्लक्ष करू नये.

मिलवॉकी २०२२चं फार सांगायला नको. ख्रिस मिडलटनचा गुडघा पहिल्या फेरीत गेला, यानिस आंटेटोकुंपोनं बॉस्टनविरुद्ध सहाव्या सामन्यात ४४ गुण आणि २० रिबाउंड केले तरी सातव्यात बाकीच्यांकडून नेम लागेना. तीन गुणांचे ३३पैकी चार. मिडलटनची उणीव त्या आकड्यात अख्खी दिसते. दुसऱ्या क्रमांकाचा माणूस गेला की पहिल्याला कितीही जोर लावून भागत नाही.

मग तक्त्यात काय लिहायचं

गतविजेता घसरत आला असेल पण पहिले दोन खेळाडू धडधाकट असतील, तर मी त्याला दुसऱ्या फेरीपर्यंत तरी नेतोच, मानांकन काहीही असो. शेवटच्या महिन्यातल्या हार-जितीकडे बघतही नाही. पहिल्या दोघांपैकी एक बाहेर आहे पण परतीची तारीख नक्की आहे आणि दुखणं पोटरीचं नाही, तर बघतो की त्याच्याविना पहिली फेरी निघेल का. समोर कमकुवत संघ असेल तर निघते, २०१८सारखी. दोघंही अधू असतील तर पहिल्या फेरीतच बाहेर लिहितो आणि मनाला लावून घेत नाही. संघ सलग तिसऱ्या-चौथ्या वर्षी जूनपर्यंत खेळलेला असेल, तर सगळं छान दिसत असलं तरी एक फेरी कमी लिहितो.

आणि तक्ता भरायची मुदत पहिल्या सामन्यानंतरची असेल तर सोन्याहून पिवळं. तेव्हा गुणफलक बघू नका. परतलेला खेळाडू बचावात कोणाला रोखतोय ते बघा. कोचनं त्याला समोरच्याच्या सर्वांत कमजोर माणसामागे लपवलं असेल, चौथ्या सत्रात तो आडवं सरकण्याऐवजी हात लांब करून भागवत असेल, उडी मारल्यावर एकाच पायावर उतरत असेल, तर त्यानं तीस गुण केले असले तरी उत्तर मिळालेलं आहे. दुसऱ्या सामन्यापर्यंत समोरच्या कोचलाही ते दिसलेलं असतं.